ओटा गेला, परसू गेलं... तंजावर आता बाग शोधतंय!

संध्याकाळचे साडेपाच वाजले की तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दोन प्रकारची माणसं दिसू लागतात. पहिली, अर्थातच, भाविक आणि पर्यटक. राजराज चोळानं १०१० साली पुरं केलेलं २१६ फूट उंचीचं ते विमान बघताना त्यांची मान अवघडते, मग कॅमेरे निघतात, मग नंदीसमोर फोटो. दुसरी माणसं वर बघतच नाहीत! त्यांनी ते शिखर जन्मापासून पाहिलेलं असतं. ती सरळ प्रांगणातल्या हिरवळीकडे वळतात. आजी पाय पसरून बसते, सूनबाई पिशवीतून डबा काढते, लहानगं पोर गवतावर धावत सुटतं. देवदर्शन होतं, नाही असं नाही. पण मुख्य कार्यक्रम असतो तो बसण्याचा.

या हिरवळीपासून थोड्या अंतरावर, प्रांगणाच्या भिंतीवर, १८०३ साली कोरवलेला मराठी शिलालेख आहे. सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांनी आपल्या घराण्याचा इतिहास तिथे दगडात कोरून घेतला. मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख म्हणून तो ओळखला जातो. महाराष्ट्रातून गेलेला पाहुणा तो शोधत हिंडतो, हात फिरवतो, गहिवरतो. आणि त्याच्या पाठीमागे तंजावरचं एखादं कुटुंब निवांत चकल्या खात असतं.

हे मंदिर म्हणजे जागतिक वारसास्थळ, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं. गावाची बाग म्हणून ते कुणी बांधलेलं नाही. तरीही त्या जुन्या शहरातली मोफत, स्वच्छ, सुरक्षित आणि बायकामुलांना निर्धास्त बसता येईल अशी मोकळी जागा विचारली, तर बोट पहिल्यांदा मंदिराकडेच वळेल. एका हजार वर्षांच्या देवळावर बागेचंही ओझं यावं, असं झालं तरी काय?

तिण्णै, मुट्रम आणि कोल्लै

जुन्या तंजावरी घराला बागेची गरज नव्हती. रस्त्याला लागून तिण्णै, म्हणजे आपला ओटा. आत शिरलं की मुट्रम, म्हणजे वरून उघडा चौक. त्यात पाऊस पडायचा, ऊन यायचं, वाळवणं व्हायची. आणि सगळ्यात मागे कोल्लै, म्हणजे परसू : विहीर, नारळ, केळी, कढीलिंबाचं झाड. कोकणातल्या किंवा वाईतल्या वाड्यात वाढलेल्या माणसाला हा नकाशा वेगळा समजावून सांगायला नको.

या तीन जागा म्हणजे घराचे बिनभाड्याचे करमणूक विभागच म्हणायचे. म्हातारी माणसं ओट्यावर, पोरं चौकात, बायका परसात. संध्याकाळी फिरायला जायचं म्हणजे देवळात किंवा तळ्यावर. ‘पार्कात जाऊ या’ हे वाक्य घरात उच्चारलंच जात नसे.

मग शहर बदललं. आधी बदललं ते बाहेरच्या बाजूला. १९५९ साली मेडिकल कॉलेज निघालं, १९८१ साली तमिळ विद्यापीठ स्थापन झालं, १९९५ च्या जानेवारीत आठवी जागतिक तमिळ परिषद तंजावरला भरली. त्या निमित्तानं रस्ते रुंद झाले, राजराजाच्या नावाचा मणिमंडप उभा राहिला. वस्ती जुन्या किल्ल्याबाहेर, दक्षिणेला आणि पश्चिमेला पसरत गेली. मागाहून आतली घरं बदलू लागली. राजवाड्याभोवतीच्या चार राजरस्त्यांवर ओट्याची जागा दुकानाच्या शटरनं घेतली, चौकावर स्लॅब पडला, परसात दुसरी इमारत आली. वडिलोपार्जित घर तीन भावांत वाटलं गेलं की परसू सगळ्यात आधी जातं, हे काही तंजावरचंच नाही, पुण्याच्या सदाशिव पेठेतही तेच झालं.

घरातल्या माणसांची संध्याकाळ मात्र तशीच राहिली. पाच वाजता पोराला धावायचं असतं. आजोबांना डॉक्टरांनी अर्धा तास चालायला सांगितलेलं असतं. पूर्वी जी गरज घराच्या चार भिंतींत भागत होती, ती आता नगरपालिकेच्या दारात येऊन उभी राहते. बागेची मागणी वाढते ती अशी : माणसं वाढल्यानं जेवढी वाढते, तेवढीच अंगण हरवल्यानंही वाढते.

जुनी बाग, नवी कहाणी

तंजावरला बाग नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. मोठ्या मंदिराला लागूनच शिवगंगा तळं आणि शिवगंगा उद्यान आहे. १८५५ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये नागपट्टणमहून आगगाडी आली, १८६६ मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८७१-७२ च्या सुमारास, नगरपालिकेनं ही बाग उभारली. मुंबईची राणीची बाग १८६० च्या दशकातली. म्हणजे तंजावरची बाग तिची धाकटी बहीणच.

जागा निवडली होती फारच नामी. एका अंगाला छोट्या किल्ल्याचा तट, दुसरीकडे मंदिराचं शिखर, मध्ये तळं, तळ्यात लहानसं बेट आणि बेटावर शिवाचं देऊळ. जवळच १७७९ मध्ये बांधलेलं श्वार्ट्झचं चर्च. याच श्वार्ट्झ नावाच्या धर्मोपदेशकानं लहानग्या सरफोजीला शिकवलं, सांभाळलं. आणि राजा झाल्यावर सरफोजीनं फ्लॅक्समन नावाच्या इंग्रज शिल्पकाराकडून आपल्या गुरूचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. ते आजही त्या चर्चमध्ये आहे. शंभर पावलांत चोळ, नायक, मराठे आणि इंग्रज भेटतात, अशी बाग हिंदुस्थानात किती ठिकाणी असेल?

पुढे तिथे हरणं आली, मोर आले, पोरांसाठी छोटी आगगाडी आली, तळ्यात बोट आली. सबंध जिल्ह्यातली मुलं शाळेच्या सहलीला इथे येत. कुंभकोणमचं, पट्टुकोट्टैचं पोर ‘तंजावर पाहिलं’ म्हणायचं तेव्हा त्यात मंदिराइतकाच वाटा या आगगाडीचाही असायचा.

मग स्मार्ट सिटी आली. केंद्र सरकारची ही योजना जून २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये तंजावरची निवड झाली. त्याआधी दोनच वर्षं, २०१४ मध्ये, नगरपालिकेची महापालिका झाली होती. एकदम मोठा निधी, एकदम मोठी यादी! जुनं बसस्थानक पाडून नवं, मंडई पाडून नवी, रस्ते, दिवे, तळी, खंदक आणि शिवगंगा उद्यानसुद्धा. कागदावर सगळं उत्तमच होतं. पण नूतनीकरणाला घेतलेली बाग आधी बंद करावी लागते, आणि शिवगंगा उद्यान बंद झालं ते काही वर्षं बंदच राहिलं.

मोठ्या माणसाला काही वर्षं म्हणजे काहीच नाही. पण पाच वर्षांच्या मुलाचा हिशेब करून बघा. बाग उघडेपर्यंत ते दहाचं झालेलं असतं. झोपाळ्यावर बसायचं त्याचं वय निघून गेलेलं असतं. आणि सत्तरीतल्या आजोबांना तर तेवढी वाट बघण्याची खात्रीही नसते. शहराच्या नूतनीकरणात पुलाचा, रस्त्याचा उशीर मोजला जातो, कंत्राटदाराला दंड होतो. मुलांच्या गेलेल्या संध्याकाळी मात्र कुठल्याच बिलात दिसत नाहीत.

एकच मोठी बाग असण्याचा तोटा इथे कळतो. नगररचनेसाठी केंद्र सरकारनं २०१४ मध्ये जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांत पाच हजार वस्तीमागे अर्ध्या हेक्टरची एक छोटी बाग आणि पंधरा हजार वस्तीमागे एक हेक्टरची बाग असावी, असं सुचवलं आहे. २०११ च्या जनगणनेत तंजावरची लोकसंख्या सुमारे २ लाख २२ हजार होती. म्हणजे या हिशेबानं चाळीसहून अधिक छोट्या बागा हव्यात. एखादी दुरुस्तीला गेली तर बाकीच्या आहेत! पण जिथे सगळ्या गावाचा भार एका शिवगंगेवर, तिथे तिचं कुलूप म्हणजे गावाचं कुलूप.

दहा टक्क्यांची गोम

मग या चाळीस बागांना जागा आणायची कुठून? कायदा आहे. तमिळनाडूच्या २०१९ च्या एकत्रित बांधकाम नियमांनुसार दहा हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्रकल्प उभा करणाऱ्यानं रस्ते वगळून दहा टक्के जमीन मोकळी जागा म्हणून स्थानिक संस्थेकडे सोपवलीच पाहिजे. तीन हजार ते दहा हजार चौरस मीटरमध्ये सवलत आहे : जमीन द्या किंवा तिच्या किमतीइतके पैसे भरा. आणि तीन हजारांच्या खाली? काही नाही.

गोम आहे ती इथेच. शहराबाहेरच्या शेतजमिनीवर मोठा लेआउट पडतो तेव्हा दहा टक्क्यांची बाग मिळते, निदान नकाशात तरी मिळते. पण जुन्या गावात तीन हजार चौरस मीटरचं घर असतं कुणाकडे? तिथे एकेक घर सुटं सुटं पाडलं जातं, एकेक इमारत उठते. प्रत्येक इमारतीमागे सहा-आठ कुटुंबं वाढतात. असे पन्नास प्लॉट झाले की एक छोटं गाव वसतं, पण नियमाच्या दृष्टीनं मोकळी जागा द्यायची वेळ कुणावरच येत नाही. कुणी कायदा मोडत नाही आणि बाग मात्र होत नाही. ज्यानं पैसे भरले, त्या पैशांतून बाग त्याच गल्लीत निघणार कशी? गल्लीत जागाच उरलेली नसते.

म्हणूनच जिथे दाटी सर्वांत जास्त वाढली, तिथे नवी बाग सर्वांत कमी निघते. आणि लहान मूल किंवा गुडघे दुखणारी आजी बागेसाठी किती चालणार? दहा मिनिटं. त्यापलीकडची बाग त्यांच्यासाठी नसल्यातच जमा.

मुंबईकर वाचक इथे हसला असेल. त्याला हे सगळं पाठ आहे. गिरणगावात १९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी होणार होती. १९९१ च्या नियमात सोपी वाटणी होती : एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणीत फक्त आधीपासून रिकामी असलेली जमीन धरायची असं ठरलं. शेड पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि मार्च २००६ मध्ये निकाल बदललेल्या नियमाच्या बाजूनं लागला. परळ-लालबागच्या पोरांना जी मैदानं मिळायची, ती एका ओळीच्या दुरुस्तीत गेली. टॉवर आले, टॉवरच्या पोटात सातव्या मजल्यावर बागा आल्या; पण त्यांच्या फाटकावर वॉचमन आहे.

उलट शंभर वर्षांपूर्वी त्याच मुंबईत दादर-माटुंग्याची वस्ती आखताना आधी शिवाजी पार्कचं मैदान सोडलं गेलं, पाच बागा आखल्या गेल्या, आणि मग इमारती उठल्या. आज तिथल्या तीन मजली इमारती पाडून वीस-वीस मजले उभे राहताहेत. मैदान तेवढंच आहे. पाटावर बसणारे वाढले, पाट तोच! तरी दादरकर नशीबवान, त्यांना पाट तरी आहे.

खंदकाकाठची माणसं

तंजावरच्या गोष्टीत आणखी एक पान आहे, आणि ते वाचायला तितकं सोपं नाही.

जुन्या शहराभोवती नायकांच्या काळापासून तट आणि खंदक. तटाला तमिळमध्ये ‘अलंगम’ म्हणतात, म्हणून तटालगतच्या वस्त्यांची नावं पूर्व अलंगम, पश्चिम अलंगम, उत्तर अलंगम अशी. राज्य गेलं, तोफा गेल्या, तट ढासळला आणि त्यावर गरिबांनी घरं बांधली. हातगाडीवाले, हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बायका, रोजंदारीवरची माणसं. पिढ्या गेल्या. खंदकात सांडपाणी साचलं, केंदाळ माजलं, डास झाले. तो स्वच्छ व्हायला हवा होता, यात वादच नाही.

स्मार्ट सिटीच्या यादीत खंदकाचं पुनरुज्जीवन आणि काठाचं सुशोभीकरण आलं. त्यासाठी २०२० च्या सुमारास तटावरची घरं हटवायला सुरुवात झाली. कायद्याच्या भाषेत ती अतिक्रमणंच होती. पर्यायी जागा मिळाली ती गावाबाहेर. मंडईत पहाटे चारला माल उतरवणाऱ्या माणसाला पहाटे चारला बस कुठली? चार घरी काम करणाऱ्या बाईचा निम्मा पगार भाड्यात गेला तर ती ते काम धरून ठेवील का?

आणि करमणुकीचा विचार करायचा तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. शहरातल्या सगळ्यांत लहान खोल्यांत राहणारी, ज्यांना संध्याकाळी बाहेर मोकळ्या हवेत बसण्यावाचून गत्यंतर नाही, अशी ही माणसं. बागेची खरी गरज कुणाला, असा प्रश्न परीक्षेत घातला तर उत्तर त्यांच्याच दारात येऊन थांबतं. बाग मात्र त्यांना उठवून व्हायची! फिरायची वाट ज्यांच्यासाठी, त्यांतले कितीतरी जण स्वतःच्या गाडीतून तिथे येणार.

हे केवळ आपल्याकडेच घडतं असं समजून अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. न्यूयॉर्कमध्ये एका बंद पडलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर ‘हाय लाइन’ नावाची सुंदर बाग २००९ मध्ये खुली झाली. जगभरातून लोक बघायला आले, आजूबाजूचे भाव आकाशाला भिडले, जुन्या इमारतींच्या जागी काचेचे मनोरे आले. शेजारीच सरकारी चाळवजा इमारतींत राहणाऱ्या गरिबांना तिचा फारसा उपयोग झाला नाही. या बागेच्या दोन प्रवर्तकांपैकी एक, रॉबर्ट हॅमंड, यांनी पुढे ते उघडपणे कबूलही केलं. बाग झाली की भाव वाढतो, भाव वाढला की जुनं घर पडतं, घर पडलं की माणसं वाढतात किंवा बदलतात, आणि त्या बागेवर गर्दी वाढते. हे चक्र आहे. फिरू लागलं की कुणाला आत घेतं, कुणाला बाहेर फेकतं.

तळ्यातलं पाणी

सगळंच काही बिघडलं, असं मात्र नाही. एक काम तंजावरनं फार छान केलं, आणि त्यासाठी काही नवं शोधून काढावं लागलं नाही.

शिवगंगा तळ्याचं पाणी पूर्वी गोडीसाठी प्रसिद्ध होतं. ते यायचं गावाबाहेरच्या शेवप्प नायकाच्या तलावातून, जमिनीखालच्या नळांवाटे. शेवप्प नायक हा सोळाव्या शतकातला, तंजावरच्या नायक घराण्याचा पहिला राजा. पावसाचं पाणी मोठ्या तलावात साठायचं, तिथून निवळून शिवगंगेत, आणि शिवगंगा भरली की पुढे पश्चिम राजरस्त्याजवळच्या अय्यंकुळमसारख्या तळ्यांत. या व्यवस्थेला नावही सुरेख : जलसूत्रम. मराठी राजांनीही पुढे गावाच्या पाण्याकडे आणि सांडपाण्याकडे लक्ष पुरवलं. १७९९ च्या तहानंतर सरफोजीच्या हाती राज्य म्हणून उरला होता तो तंजावरचा किल्ला आणि लगतचा मुलूख. बाकी सगळं कंपनीनं घेतलं. राजानं मग गावच नीट करायला घेतलं. गटारं, विहिरी, दवाखाना, ग्रंथालय. थट्टेनं म्हणायचं तर तंजावरचा पहिला महापौर तोच!

पुढे वस्ती वाढली, पाण्याच्या वाटा घरांखाली आणि रस्त्यांखाली गेल्या, नळ बुजले. अय्यंकुळम कोरडं पडलं, कचऱ्यानं भरलं. भोवतालच्या घरांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. स्मार्ट सिटीच्या कामात ते उपसलं गेलं, शिवगंगेकडून येणारा जुना भूमिगत मार्ग सापडला, साफ झाला आणि कित्येक वर्षांनी त्या वाटेनं पुन्हा पाणी आलं. काठावर फिरायची वाट झाली, दिवे लागले. दाट वस्तीत नवी बाग करायला जागा नसते, पण बुजलेलं तळं असतं! ते उपसलं तर पाणी, वारा, बसायला पायऱ्या आणि विहिरींना ओल एकदमच मिळते, शिवाय कुणाचं घर पाडावं लागत नाही.

पुण्यात याच्या नेमकं उलट झालं, तेही आठवतं. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळं खणवलं, सवाई माधवरावांनी मधल्या बेटावर गणपती बसवला. तळं पुढे आटलं, बुजलं आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे सारसबाग झाली. पुणेकरांचं सारसबागेवर प्रेम आहे आणि ते असायलाच हवं. पण ‘तळ्यातला गणपती’ म्हणताना तळं कुठे, हे नातवाला समजावून सांगावं लागतं. तंजावरचं अय्यंकुळम नातवाला दाखवता तरी येईल.

अर्थात एका तळ्यानं भागत नाही. जुन्या गावात अशी आणखी किती तळी, किती विहिरी, देवळांचे किती मोकळे आवार कुलूपबंद पडून आहेत, याची यादी कुणी केली तर चाळीस बागांतल्या निदान काही तरी तिथेच सापडतील. स्मार्ट सिटीची योजना ३१ मार्च २०२५ ला संपली. यापुढे बागेतल्या झोपाळ्याची साखळी तुटली, दिवा गेला, तळ्यात पुन्हा प्लॅस्टिक साचलं, तर ते महापालिकेनं आपल्या पैशांतून बघायचं आहे. झोपाळा बसवताना फोटो निघतो. साखळीला तेल घालताना निघत नाही.

तोवर मोठ्या मंदिराची हिरवळ आहेच. अंधार पडतो, विमानावर दिवे लागतात, शिलालेखाची अक्षरं दिसेनाशी होतात. साडेआठच्या सुमाराला मंदिर बंद व्हायची वेळ होते. आजी गुडघ्यावर हात ठेवून उठते, डब्याचं झाकण लागतं, झोपलेलं पोर खांद्यावर टाकलं जातं आणि माणसं नंदीला वळसा घालून बाहेर पडतात, आपापल्या तिण्णै नसलेल्या घरांकडे.